आबा येईपर्यंत

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. दारावर येणं म्हणजे सांत्वनाला येणं, पण त्यात सांत्वन चवीपुरतंच असतं. बायका आत येऊन गळ्यात पडतात, पुरुष ओट्यावरच्या सतरंजीवर टेकतात, जरा वेळ मान खाली घालून बसतात, कसं झालं, कुठं नेलं होतं असं विचारतात, आणि उत्तर आधीच माहीत असल्यामुळे लगेच दुसऱ्या विषयाला हात घालतात. माझी सासू झुंबरबाई कोरोनाने गेली तेव्हा हा दुसरा विषय सगळ्यांच्या तोंडावर तयारच होता. लस वेळेवर का मिळाली नाही, आणि त्याला जबाबदार कोण.

सासूबाईंना घरात आणि गावात सगळे अक्का म्हणत. ताप चढला, दम लागला, जळगावला कुठेही बेड मिळेना म्हणून त्यांना धुळ्याला नेलं. धुळ्याला बेड मिळाला, पण अक्का परत आल्या नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. नवल, माझा नवरा, लांबून हात जोडून आला आणि मोटारसायकल अंगणात लावून तिच्यावरच बसून राहिला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जमत नव्हती. ती माझी भाकरी अक्का सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात घ्यायच्या, म्हणजे कोणाला दिसू नये. असं माणूस माझ्या घरातून गेलं होतं आणि ओट्यावर चर्चा चालली होती.

दिल्लीला शिव्या देणारे ओट्याच्या डाव्या अंगाला बसले होते आणि मुंबईला शिव्या देणारे उजव्या अंगाला. डावे म्हणत होते, आपली लस परदेशात वाटली. उजवे म्हणत होते, आलेली लस यांना नीट वाटता आली नाही. सुकलाल मामा, माझ्या सासऱ्यांचे म्हणजे नानांचे चुलतभाऊ, मधोमध बसून मोबाईलला दोष देत होते. म्हणे नंबर मोबाईलवर लावावा लागतो, आपल्या लोकांना जमत नाही, आणि जळगावचे लोक चारचाकी घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात येऊन टोचून जातात. आतमध्ये शेजारच्या इंदिराबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हेच नशिबावर ढकलत होत्या. यातल्या एकानेही तोवर लस घेतलेली नव्हती. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, हे याच सुकलाल मामांनी गावभर सांगितलं होतं.

एका बाबतीत मात्र डाव्या-उजव्यांचं एकमत होतं. खापर फोडायला त्यांना एक डोकं सापडलं होतं, आणि ते होतं हेमलता सिस्टरचं. ती आमच्या उपकेंद्राची नर्स. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. पावरा समाजाची. कंत्राटावर नेमलेली. गावात तिचं कोणी नात्याचं नाही, मतदारयादीत तिचं नाव नाही, तिला नावं ठेवल्याने कोणाच्या घरी राग येणार नाही. बाई कामाची नाही, तिला सुई टोचायचाच कंटाळा, असं कोणीतरी म्हणालं आणि दोन्ही अंगांच्या माना हलल्या.

मी आत पाण्याचे ग्लास भरत होते. माझं माहेर जामनेरचं, आणि जामनेरवाली तोंडाळ आहे असं सासरचे लोक पहिल्या दिवसापासून म्हणत आले आहेत. तेव्हा तोंडाळ कशी ते सांगतेच. मला त्या सगळ्यांच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटत होता. कारण हे सगळे त्या दिवशी शाळेत हजर होते. काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो दिवस असा होता. एप्रिल सुरू झाला होता, लशीचा डबा पहिल्यांदा आमच्या गावात येणार होता, आणि पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना शाळेत बोलावलं होतं. हेमलता सिस्टर सकाळीच डबा घेऊन आली. पण तिच्याआधी वना आला होता. वना म्हणजे अभिमन आबांचा फ्लेक्स लावणारा माणूस. आबा पूर्वी जिल्हा परिषदेवर होते, आता कशावरच नाहीत, पण सगळ्यात असतात. त्यांच्याशिवाय आमच्या गावात हातपंपसुद्धा पाणी देत नाही. वनाने शाळेच्या फाटकावर आबांचा फ्लेक्स बांधला, पटांगणात मांडव टाकला, आणि वर्गाच्या दाराला लाल फीत आडवी लावली. सिस्टर आत टेबल मांडून बसली होती. म्हणजे लस आत, लोक बाहेर, आणि मधे फीत.

आबा अकराला येणार होते. आता आमच्या भागात अकराला म्हणजे अकराला नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळतं. सिस्टर दोनदा दाराशी येऊन म्हणाली की लोक जमलेत, मी सुरू करते, तुमचा कार्यक्रम तुम्ही नंतर करा. तेव्हा तिला थांबवलं ते माझ्या सासऱ्यांनी. झुलाल नाना म्हणजे गावातला आबांचा उजवा हात. आबा पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासूनचे. नाना पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून उठले, फितीच्या अलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "आबा येतीन, मंग सुरू करा." झालं. ते वाक्य सगळ्या गावाला पुरलं. आबांच्या आधी टोचून घेणं म्हणजे आबांचा अपमान, आणि नानांच्या देखत आबांचा अपमान कोण करणार?

अक्का दोन नंबरला बसल्या होत्या. त्यांच्या पुढे फक्त एक म्हातारा होता. फितीपासून त्यांची खुर्ची हाताच्या अंतरावर होती. खानदेशातलं एप्रिलचं ऊन मी वेगळं सांगायला नको. मांडवाचं कापड लाल, त्याखाली माणसं भाजत होती. दुपारी निम्मे लोक जेवायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. अक्का बसून राहिल्या, कारण त्या नानांच्या बायको होत्या आणि नानांच्या बायकोने उठून जाणं बरं दिसलं नसतं. मी त्यांना दोनदा पाणी नेऊन दिलं. त्या पदराने वारा घेत होत्या आणि आत टेबलामागे रिकाम्या बसलेल्या सिस्टरकडे बघत होत्या.

आबा आले ते ऊन कलल्यावर. एक साखरपुडा, एक दुकानाचं उद्घाटन आणि कुठलं तरी दारावर जाणं उरकून आले. फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं. भाषण आबा शुद्ध मराठीत करतात, मतं मागताना आणि दारावर आले की अहिराणीत बोलतात. मग फोटोसाठी आबांच्या बरोबर आलेल्या गाडीतल्या माणसांना आधी टोचलं. ती एक बाटली तिथेच संपली. एक बाटली दहा जणांची असते, उघडली की ठरावीक वेळात संपवावी लागते, आणि डबा संध्याकाळच्या आत आरोग्य केंद्रात परत गेला पाहिजे. डब्याची जीप येऊन उभीच होती. बर्फ वितळत आला होता. सिस्टर दुसरी बाटली उघडते म्हणाली, जीपवाला नाही म्हणाला, आबा म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोठं शिबिर घेऊ. अक्का घरी आल्या आणि त्यांनी भाकरी टाकायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डबा आला नाही याला दिल्ली जबाबदार असेल, मुंबई असेल, मी त्यात पडत नाही, मला तेवढं कळत नाही. पण जो डबा आला होता, तो जवळजवळ भरलेला परत गेला. ते तर आमच्या शाळेच्या वर्गात झालं ना?

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, आबा दारावर आले. पांढरे कपडे, पाठीमागे तीन गाड्या. डावे-उजवे दोन्ही उठून उभे राहिले. आबांनी नानांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग बोलायला लागले. वरून लस येत नाही, आली तर लोक पुढे येत नाहीत, आणि लोक पुढे आले तर बाई टोचत नाही, असं म्हणाले. त्या शिबिराला लोकांचा प्रतिसादच मिळाला नाही असंही म्हणाले, आणि ज्यांना त्यांनी स्वतः उन्हात बसवून ठेवलं होतं ते प्रतिसाद न देणारे लोक समोर बसून हो हो म्हणत होते. त्या नर्सबाईचं आता मी बघतो, तिचं कंत्राट पुढे कसं होतं ते बघतो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि शेवटी, नानांच्या खांद्यावर हात ठेवून, अक्कांच्या स्मरणार्थ गावात लसीकरणाचं शिबिर घेण्याचं जाहीर केलं. फ्लेक्सवर अक्कांचा फोटो असेल, म्हणाले. नानांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथे. मी विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही किती वाजता आले होते?"

नवलने उठून माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नवललाच म्हणाले, "सुनबाईले धक्का बसेल शे. आतमा लई जा."

नवल वरणगावच्या फॅक्टरीत कंत्राटावर आहे. ते काम त्याला आबांच्या शब्दाने लागलं होतं. त्याने मला आत नेलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माझा राग आबांवर होताच, पण आबा काय, येतात आणि जातात. घरात रोज डोळ्यांसमोर असायचे ते नाना. अक्का गेल्यावरही त्यांनी आबांच्या नावाची टोपी डोक्यावरून उतरवली नव्हती. त्यांना दमा आहे. रात्री खोकला सुरू झाला की पंप मारावा लागतो, जिना चढले की बोलता येत नाही. यांना जर तो आजार गाठला असता तर धुळ्यापर्यंतही नेता आलं नसतं, हे नवललाही कळत होतं. त्याने मोबाईलवर खटपट करून धरणगावला नानांचा नंबर लावला. मी चांगलं धोतर काढून ठेवलं. नाना म्हणाले, मी जाणार नाही.

"आबानी तिना नाववर शिबिर ठेयेल शे," ते म्हणाले. "मी दुसरी जागे जाईसन टोची लेवू? लोके काय म्हनतीन?"

नवलने पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. नाना हलले नाहीत. धरणगावचा नंबर वाया गेला. त्या दिवसापासून मी नानांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पंप उशाशी ठेवायचे, औषधाची वेळ नवलकडून सांगवायचे. माझ्या मनात एकच चाललं होतं, की या माणसाला आबांच्या आधी लस टोचली गेली पाहिजे, मग तो माझ्या जन्माचा वैरी झाला तरी चालेल. अक्कांच्या वेळी मी नुसती पाणी नेऊन देत होते. आता नाही.

शिबिराचा दिवस उजाडला तेव्हा मे संपत आला होता. शाळेच्या फाटकावर अक्का लागल्या होत्या. आमच्या लग्नातला फोटो होता, तो कापून घेतलेला, त्यामुळे अक्कांच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. त्यांच्यापेक्षा चौपट मोठे आबा बाजूला हात जोडून उभे. वर्गाच्या दाराला पुन्हा लाल फीत. आत पुन्हा हेमलता सिस्टर, आणि पहिल्या रांगेत पुन्हा नाना, धुतलेलं धोतर नेसून, गळ्यात रुमाल. आबा दहाला येणार होते. वनाला विचारलं तर तो सांगे, निघालेत. तासाभराने विचारलं तर म्हणे, पाळधीला आहेत. मग म्हणे, पाळधीलाच आहेत.

ऊन डोक्यावर आलं. बायकांच्या रांगेतून दोघीतिघी उठून गेल्या. नानांचा श्वास वाजायला लागला होता, मला मागच्या रांगेत ऐकू येत होता. मी उठले आणि वर्गाच्या मागच्या खिडकीशी गेले. सिस्टर टेबलाशी बसून होती, डब्यावर हात ठेवून. मी तिला म्हटलं, कशाची वाट बघतेस, सुरू कर. ती कडवट हसली. म्हणाली, मागच्या वेळी दोनदा सुरू करते म्हणाले म्हणून माझी तक्रार गेली, उद्धट आहे म्हणून. आता शुभारंभ झाल्याशिवाय सुरू करायचं नाही असं मला सगळे सांगतात. कोणी दिलाय असा आदेश, विचारलं तर कोणीच दिलेला नाही. डॉक्टर म्हणतात गावातल्या लोकांना विचार, गावातले म्हणतात आबांना विचारा, आणि आबांना विचारायची माझी पायरी नाही. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपतंय. तुमचं गाव माझ्या नावाने काय बोलतं ते मला माहीत आहे, वहिनी, मी बहिरी नाही.

मला तिचाही राग आला. मग तिच्याकडे बघून गेला. ती रात्री पोटभर जेवली नसावी असं तिचं तोंड दिसत होतं. मी विचारलं, आणि कोणी समोर येऊन बसलंच तर? ती म्हणाली, "माझ्यासमोर माणूस येऊन बसला तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण फितीला मी हात लावणार नाही."

मी पुढून आले, पदर खोचला, वाकले आणि फितीखालून आत गेले. मागे कुजबुज झाली. वना वहिनी वहिनी करत धावला, पण फितीपाशी येऊन थांबला, त्यालाही ती ओलांडता येईना. मी पंचेचाळिशीच्या पुढची, माझा हक्क होता. खुर्चीत बसले, बाही वर केली. सिस्टरने बाटली फोडली आणि मला टोचलं. डास चावल्याइतकंसुद्धा दुखलं नाही. एवढ्यासाठी अक्का दिवसभर उन्हात बसल्या होत्या.

माझ्या मागे कोणी येईल असं मला वाटलं होतं. कोणी आलं नाही. सगळे नानांकडे बघत होते आणि नाना जमिनीकडे. बाटली उघडली होती, आता नऊ माणसं लागत होती, नाहीतर औषध फेकावं लागलं असतं आणि त्याचंही खापर सिस्टरवर फुटलं असतं. मी फितीच्या आतल्या अंगाला उभी राहिले. गेले कित्येक दिवस मी या माणसाशी बोलले नव्हते. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही अशा घरातली मी सून. मांडवात सगळं गाव होतं. मी म्हटलं, "नाना, अक्का आठेच बठेल व्हत्यात. बाई सुई धरीसन तयार व्हती. त्यासले कोनी थांबाडं? दिल्लीनी? मुंबईनी? तुम्ही थांबाडं."

सुकलाल मामा मला दटावायला उठले. नवलने त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाली बसवलं. आमच्या लग्नानंतर नवलने माझ्यासाठी माणसांत केलेली ही पहिली गोष्ट.

नाना उठले. मला वाटलं, घरी चालले. लोकांनाही तेच वाटलं, त्यांनी वाट करून दिली. नाना फितीपर्यंत आले. त्यांना वाकता येत नाही, वाकले की दम लागतो. त्यांनी फीत हाताने वर उचलली, डोक्यावरून मागे टाकली आणि आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीत बसून सदऱ्याची बाही वर करायला लागले तर बटण निघेना, तेव्हा सिस्टरने ते काढलं. टोचून झाल्यावर ते बाहेर गेले, आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बठ्ठाजन एक एक करीसन आतमा जा."

मग काय, रांग लागली. मघाशी फितीला घाबरणारे लोक आता एकमेकांना ढकलत होते. सुकलाल मामा पाचवे की सहावे होते. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. सिस्टरला मान वर करायला सवड नव्हती. फीत तशीच होती, लोक ती उचलून आत जात होते आणि उचलून बाहेर येत होते. डबा रिकामा झाला तेव्हा मांडवात सावल्या लांब झाल्या होत्या आणि आबांच्या गाड्या फाटकात शिरत होत्या.

आबा उतरले. वनाने त्यांच्या कानात सांगितलं. आबा चिडले की आवाज चढवत नाहीत, उतरवतात. फितीजवळ येऊन त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कोनी सुरू करं? कोन जबाबदार शे?"

बघा, अक्का गेल्या तेव्हा जबाबदार सापडत नव्हता. दिल्लीपासून शिरपूरपर्यंत शोध चालला होता. आणि आज गावाला लस टोचली गेली तर जबाबदार ताबडतोब पाहिजे होता. सिस्टर उठून उभी राहिली. सुकलाल मामांनी टोचलेल्या दंडावर हात ठेवून माझ्याकडे बोट करायला सुरुवात केली होती.

"मी," नाना म्हणाले.

ते खुर्चीतून उठले नाहीत. आबा आले की नाना उठत नाहीत असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "मी सांगं बाईले. आनि मांगला टाईमले थांबाडं तेबी मीच. बाईना काही दोष नई."

आबांनी लगेच चेहरा बदलला. नाना, तुम्ही दुःखात आहात, तुमचं डोकं ठिकाणावर नाही, असं काहीतरी बोलत ते जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवायला वाकले. नानांनी त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं.

"आबा, तिनी माले इचारं व्हतं," नाना म्हणाले. "म्हने, बाई रिकामी बठेल शे, टोची लेवू का. मी म्हनं, आबा काय म्हनतीन. सांगा ना आते. ती टोची लेती, ते तुमले राग येता का?"

हे मला माहीत नव्हतं. अक्कांनी विचारलं होतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथे दोनदा गेले होते आणि मला त्या काही बोलल्या नव्हत्या.

आबांनी क्षणभर विचार केला. मग ते हसले, मोठ्या मनाने हसावं तसं. त्यांना खरंच वाटलं की नाना माफी मागताहेत आणि आपण ती देतो आहोत.

"नई हो नाना," ते म्हणाले. "माले कसाना राग? तिनी टोची लेवाले पाहिजे व्हतं."

तेव्हा दोषी शेवटी सापडला होता. अक्का. त्यांनी टोचून घ्यायला पाहिजे होतं.

नानांनी आबांचं मनगट सोडलं. आबांना ते कळलं नाही, ते फोटोसाठी फितीकडे वळले. लस संपली होती तरी फोटो झाला. वनाने एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, सिस्टरच्या हातात रिकामी सुई दिली, आणि आबांनी कापलेल्या फितीचं टोक हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. सिस्टर मान खाली घालून उभी होती. तिचं कंत्राट पुढे चालू राहिलं की नाही हे गावाने विचारलं नाही. मी विचारलं. पावसाळ्यात तिच्या जागी दुसरी बाई आली.

आबा गेल्यावरही नाना खुर्चीतच होते. मला किती दिवसांपासून वाटत होतं की या माणसाला एकदा कळू दे, एकदा याच्या तोंडावर सगळं येऊन आदळू दे. आता ते आदळलं होतं आणि मी समोर उभी होते, पण मला त्याचं काही सुख झालं नाही. आणि मला त्यांची कीवही आली नाही. अपमान होईल म्हणून ते घाबरले होते, आणि ज्याचा अपमान होणार होता त्याला तो झाला असता हे कळलंही नसतं. अक्का एवढ्यावर गेल्या.

नवल मांडवाच्या खुर्च्या उचलू लागायला थांबला. नाना उठले आणि मला म्हणाले, "घर चाल." अक्का गेल्यावर ते माझ्याशी स्वतःहून बोलले ते एवढंच. शाळेपासून आमच्या घरापर्यंत चढ आहे. त्यांना दम लागत होता, ते मधे मधे कोणाच्या तरी भिंतीला हात लावून उभे राहत होते. ते थांबले की मीही थांबत होते. पण मी त्यांचा हात धरला नाही.